ट्यूब अ‍ॅम्प की मॉडेलर? निवड उलट्या टोकाकडून करा

गिटारसाठी निर्वात नळ्यांवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प घेता येतो, किंवा तशा अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणारी पेटी, म्हणजे मॉडेलर. "यातलं कुठलं घेऊ?" असं विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी काहीतरी आधीच घेतलेलं असतं आणि ते मनासारखं वाजत नसतं. एकाकडे ५० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प असतो, पण घरी व्हॉल्यूमचा नॉब १ च्या पुढे सरकवायची सोय नसते. दुसऱ्याने मॉडेलर घेऊन तो जुन्या गिटार अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये खुपसलेला असतो आणि "डिजिटल म्हणजे घोंगडीखालून वाजल्यासारखं" असा निकाल देऊन तो मोकळा झालेला असतो. वस्तू दोघांच्याही चांगल्याच असतात, घोळ क्रमात झालेला असतो.

आधी अ‍ॅम्पचं नाव ठरतं, मग स्पीकर बघू म्हणतात, आणि वाजवणार कुठे हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी कळस मग पाया. खरं तर आवाज शेवटी ज्या टोकातून बाहेर पडणार आहे तिथून सुरुवात करून मागे गिटारकडे यायला हवं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. पहिले तीन कंटाळवाणे वाटतील, पण बहुतेकांची निवड तिथेच होऊन जाते.

## टप्पा १: गेल्या महिन्याचा हिशेब

खरेदी करताना प्रत्येक जण पुढच्या वर्षीच्या स्वतःसाठी खरेदी करतो. त्या माणसाचा बँड जमलेला असतो, त्याला स्टेज मिळालेलं असतं, शेजारी बहिरे झालेले असतात. त्याला तूर्त बाजूला बसवा. कागद घ्या आणि तीन ओळी लिहा.

1. गेल्या चार आठवड्यांत गिटार किती तास वाजली, कुठे, दिवसाच्या कुठल्या वेळी? त्यातले किती तास ड्रमसोबत होते?
2. या काळात वेगवेगळे टोन किती वापरले? माहीत असलेले नव्हे, वापरलेले. क्लीन, थोडा फुटलेला आणि एक जड रिदम, इथे बहुतेकांची यादी संपते.
3. अ‍ॅम्प उचलून कोण नेणार, आणि किती जिने?

तिसऱ्या ओळीला हसू नका. फेंडरचा ट्यूबवाला '६५ ट्विन रिव्हर्ब सुमारे २९ किलोचा आहे. त्याच कंपनीचा त्याच चेहऱ्याचा डिजिटल टोन मास्टर ट्विन सुमारे १५ किलोचा आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या सरावाच्या खोलीत आठवड्यातून दोनदा जायचं असेल तर हा फरक टोनइतकाच मोलाचा ठरतो. जो अ‍ॅम्प उचलायचा कंटाळा येतो तो हळूहळू घरीच राहायला लागतो.

तपासणी: ड्रमसोबतचे तास एकूण तासांच्या दहाव्या भागाहून कमी असतील तर त्यावर गोल करा. पुढच्या टप्प्यात तो आकडा लागेल.

## टप्पा २: वॉट आणि डेसिबलचं गणित

"घरासाठी ५ वॉट पुरे, ५० वॉट फार होतील" हे इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. पाच काय, एक वॉटसुद्धा घरासाठी फार आहे. गणित करून बघू.

वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट व्हावे लागतात. ५ आणि ५० वॉटमधला फरक कानाला तेवढाच, साधारण दुप्पट. १०० वॉटचा अ‍ॅम्प ५० वॉटच्या पुढे जेमतेम ३ डेसिबल असतो.

आता स्पीकर बघा. सेलेस्टियन व्हिंटेज ३० या फार चालणाऱ्या गिटार स्पीकरची संवेदनशीलता १०० डेसिबल दिलेली आहे, म्हणजे त्याला १ वॉट दिला की एक मीटरवर १०० डेसिबल मिळतात. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. १०० डेसिबलवर ती मर्यादा १५ मिनिटांवर येते.

हेच उलट्या बाजूने मोजू. घरात तुम्ही ८० डेसिबलवर वाजवता असं धरलं, आणि तेही कमी नाही, तर १०० मधून २० डेसिबल गेले. म्हणजे त्या स्पीकरला फक्त ०.०१ वॉट जातोय. तुमचा ५० वॉटचा अ‍ॅम्प वॉटचा शंभरावा भाग देत बसलाय.

याचा टोनशी संबंध असा. ट्यूब अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं फुटणं, एका जागी तयार होत नाही. काही प्रीअ‍ॅम्पमधल्या (अ‍ॅम्पच्या पहिल्या भागातल्या) छोट्या ट्यूबमध्ये होतं, त्या बहुधा १२एएक्स७ असतात. काही स्पीकरला जोर देणाऱ्या पॉवर ट्यूबमध्ये होतं, म्हणजे ईएल८४, ईएल३४, ६एल६ वगैरे. उरलेलं थोडं स्पीकरच्या कागदात होतं. मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज) कमी ठेवून गेन (प्रीअ‍ॅम्पला दिलेला जोर) वाढवला की पहिली जागा तेवढी कामाला लागते, बाकीच्या दोन झोपलेल्याच राहतात. लोक ज्याचं वर्णन करताना "छातीला लागतं", "तार दाबली की अ‍ॅम्प ढकलल्यासारखा होतो" म्हणतात, ते बरंचसं या झोपलेल्या दोन जागांमधून येतं.

मधला उपाय म्हणून अ‍ॅटेन्युएटर वापरतात. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये तो बसतो आणि बरीच शक्ती उष्णतेत घालवतो. त्याने पॉवर ट्यूब जाग्या होतात, स्पीकर मात्र झोपलेलाच राहतो. शिवाय पॉवर ट्यूब पूर्ण जोरात चालत असल्याने झिजतातही तेवढ्याच. थोडं खाली आणायला तो उत्तम आहे. रात्री अकराच्या पातळीवर आणायला गेलात तर टोन चपटा होतो.

तपासणी: फोनवर डेसिबल मोजणारं अ‍ॅप घ्या. रोजच्या व्हॉल्यूमवर वाजवत स्पीकरपासून एक मीटरवर मोजा. आकडा ८० च्या आत असेल आणि टप्पा १ मध्ये गोल केलेला असेल, तर ट्यूब अ‍ॅम्पचा ज्या गोष्टीसाठी बोलबाला आहे ती तुम्हाला महिन्यातून एखादा तास मिळेल. तेवढ्यासाठी घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण हे कळून घ्या.

## टप्पा ३: शेवटचं टोक ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि सर्रास वगळला जातो. आवाज चारपैकी एका वाटेने कानात येतो: हेडफोन किंवा स्टुडिओ मॉनिटर, गाण्याच्या माइकसाठी असतात तसले पीएचे स्पीकर, मॉडेलरसाठी बनवलेला सपाट प्रतिसादाचा स्पीकर (याला एफआरएफआर म्हणतात), आणि खरं गिटार कॅबिनेट (गिटार स्पीकर बसवलेली पेटी, थोडक्यात कॅब).

गिटार कॅबिनेट हा इमानदार स्पीकर नाही. साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर तो झपाट्याने हात आखडतो, मधल्या पट्टीत फुगवटे काढतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी टॉर्चच्या झोतासारख्या समोर फेकतो. अ‍ॅम्प जमिनीवर असला तर हा झोत तुमच्या गुडघ्यांना लागतो. कानाला ऊबदार वाटतं आणि समोर बसलेल्याच्या कानात सुया टोचतात.

मॉडेलर मात्र सहसा कॅबिनेटसमोर माइक ठेवून ध्वनिमुद्रित केलेल्या अ‍ॅम्पची नक्कल करतो. रेकॉर्डवर जो गिटारचा आवाज ऐकत आलात तो हाच. खोलीत तीन पावलांवर उभा असलेला अ‍ॅम्प वेगळा ऐकू येतो. "मॉडेलरमध्ये जीव नाही" या तक्रारीचं मूळ दहांतल्या आठ वेळा इथे सापडतं. तक्रार करणारा माइकचा आवाज आणि खोलीचा आवाज यांची तुलना करत असतो आणि फरकाचं खापर चिपवर फोडतो. त्याच ट्यूब अ‍ॅम्पला माइक लावून दुसऱ्या खोलीत हेडफोनवर ऐकवा, तोही त्याला "मेलेला" वाटेल.

म्हणून आधी टोक ठरवा. मुख्य वापर हेडफोन आणि रेकॉर्डिंगचा असेल तर मॉडेलर घ्या, त्यात फार डोकं लावू नका. स्टेजवर सगळं मिक्सरमधून जातं आणि स्वतःला इन-इअरमधून (कानात घालायच्या मॉनिटरमधून) ऐकता, तरी उत्तर तेच. खोलीत ड्रमरच्या शेजारी उभं राहून, मागून येणाऱ्या हवेसह वाजवायचं असेल तर खरं कॅबिनेट हवंच. मग त्याच्यामागे ट्यूब अ‍ॅम्प असो की मॉडेलर आणि पॉवर अ‍ॅम्प, हा दुय्यम प्रश्न आहे.

सावध: मॉडेलरमागे सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा) किंवा डिजिटल पॉवर अ‍ॅम्प लावणार असाल तर ट्यूबच्या वॉटशी आकडा जुळवू नका. ट्यूब अ‍ॅम्प त्याच्या मर्यादेपुढे गेला तरी कानाला गोड फुटतो, डिजिटल पॉवर अ‍ॅम्प मर्यादेवर गेला की कडकड करतो. ट्विन रिव्हर्बचे ८५ ट्यूब वॉट गाठायला टोन मास्टर ट्विनमध्ये २०० वॉटचा पॉवर अ‍ॅम्प बसवलेला आहे, ते यासाठीच.

## टप्पा ४: मॉडेलरची जोडणी, कॅब कधी चालू आणि कधी बंद

चाचणी करायच्या आधी हे समजून घ्या, नाहीतर चाचणीच फसेल. मॉडेलरच्या साखळीत तीन गोष्टी असतात: प्रीअ‍ॅम्पची नक्कल, पॉवर अ‍ॅम्पची नक्कल आणि कॅबिनेटची नक्कल. शेवटचीसाठी हल्ली आयआर वापरतात. विशिष्ट स्पीकर, विशिष्ट माइक आणि त्याची विशिष्ट जागा यांचा तो एक ठसा असतो. नियम एकच: जी गोष्ट बाहेर खरीखुरी आहे तिची नक्कल आत बंद ठेवायची.

1. हेडफोन, मिक्सर, ऑडिओ इंटरफेस, एफआरएफआर: तिन्ही चालू.
2. साधा पॉवर अ‍ॅम्प आणि खरं गिटार कॅबिनेट: कॅब बंद, बाकी दोन्ही चालू.
3. ट्यूब अ‍ॅम्पच्या मागचा इफेक्ट्स रिटर्न (प्रीअ‍ॅम्प टाळून थेट पॉवर अ‍ॅम्पमध्ये जाणारा इनपुट): कॅब बंद, आणि पॉवर अ‍ॅम्पची नक्कल नसलेलं प्रीअ‍ॅम्प मॉडेल.
4. ट्यूब अ‍ॅम्पचा पुढचा इनपुट: फक्त पेडल आणि इफेक्ट. अ‍ॅम्प मॉडेल वापरायचं नाही.

चौथ्या ठिकाणी सगळं चालू ठेवणारे सर्वाधिक. गिटारचा आवाज एका नकली अ‍ॅम्पमधून, नकली कॅबिनेटमधून, मग खऱ्या प्रीअ‍ॅम्पमधून आणि खऱ्या कॅबिनेटमधून जातो. दोनदा गाळलेल्या चहासारखा तो पाणचट होतो आणि घोंगडीची उपमा जन्माला येते.

माझीही एक गोष्ट सांगून टाकतो. पहिला मॉडेलर घेतल्यावर मी आठवडाभर रात्री हेडफोन लावून एक प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवायचा टोन, घडवला. खाली भरपूर बेस, वर चमचमता ट्रेबल, मधली पट्टी खोदून काढलेली. एकट्याला ऐकायला देखणा. सरावाला तोच लावला. पहिल्या गाण्यात बेसवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "तू सुरू कर की." मी केव्हाचा वाजवत होतो. व्हॉल्यूम वाढवला तर बेसच्या अंगावर बेस चढला, झांजांच्या अंगावर ट्रेबल, आणि गिटार तरीही कुठे नाही. दोष माझा होता. कमी आवाजात कानाला खालच्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात, म्हणून आपण त्या वाढवतो. मोठ्या आवाजात कान त्या पुरेपूर ऐकतो आणि आपण केलेली भर अंगावर येते.

तपासणी: मॉडेलरच्या शेवटी ८० ते १०० हर्ट्झखाली आणि ५ ते ६ हजार हर्ट्झच्या वर कट लावा. गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर आहे, त्याखाली बेस गिटारचं राज्य. कॅब चालू असताना वरचा चरचराट गेला आणि टोन "अ‍ॅम्पसारखा" वाटू लागला, तर जोडणी बरोबर आहे.

## टप्पा ५: तुलना कशी करायची

घाईत दोन्ही लावून "हा जास्त भरीव" म्हणणं ही तुलना नव्हे. दोन आवाजांतला जो अर्धा-एक डेसिबल मोठा असतो तो कानाला चांगला वाटतो, आणि आपल्याला तो मोठा आहे हे कळतही नाही, फक्त "भरीव" वाटतो. म्हणून:

1. गिटार, केबल आणि स्पीकर दोन्हीकडे एकच ठेवा. ट्यूब अ‍ॅम्प त्याच्या कॅबिनेटवर आणि मॉडेलर लॅपटॉपच्या स्पीकरवर, असली तुलना करू नका.
2. मॉडेलरवर ट्यूब अ‍ॅम्पच्याच जातीचं मॉडेल निवडा. इंग्लिश धाटणीच्या अ‍ॅम्पसमोर अमेरिकन क्लीन लावून निकाल देण्यात अर्थ नाही.
3. एकच स्वरावली वाजवत फोनच्या मीटरवर दोन्हींची पातळी जुळवा.
4. मित्राला अदलाबदल करायला सांगा आणि पाठ फिरवून वाजवा.
5. अर्ध्या तासात थांबा. त्यानंतर कान थकतात आणि जो ट्रेबल जास्त ओरडतो तो जिंकतो.

वाजवायचं काय? आवडता सोलो नको. सोलोमध्ये सगळंच छान वाटतं. अ‍ॅम्प फुटायच्या काठावर सेट करा, ना पुरता क्लीन ना पुरता डिस्टॉर्टेड, आणि एक साधा ई कॉर्ड घ्या. पिकने हलकेच छेडा, मग जोरात मारा. चांगल्या अ‍ॅम्पवर पहिल्या वेळी तारा सुट्या ऐकू येतात आणि दुसऱ्या वेळी कॉर्डच्या कडा चुरचुरतात. आता हात तसाच ठेवून गिटारचा व्हॉल्यूम नॉब १० वरून ४ वर आणा. डिस्टॉर्शन विरळ होत क्लीनमध्ये विरघळायला हवं. काही ठिकाणी ते विरघळत नाही, त्याच खरखरीची पातळी नुसती खाली येते. शेवटी एक स्वर धरून ठेवा आणि तो विझेपर्यंत ऐका. खराब नक्कल इथे उघडी पडते: शेपटीला स्वर मावळत नाही, बटण बंद केल्यासारखा तुटतो.

नॉब ४ वर आणायची ही परीक्षा हातातल्या गिटारवरच करा, व्हिडिओ बघून नाही. व्हिडिओ तुमच्यापर्यंत येईतो त्याला माइक, मिक्सिंग आणि तुमचे स्वतःचे स्पीकर लागलेले असतात. ट्यूबची बाजू घेणारे आणि मॉडेलरची बाजू घेणारे दोघेही पुरावा म्हणून तेच दाखवतात.

लेटन्सीबद्दल, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराबद्दल, दोन ओळी. हवेत आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. चांगल्या मॉडेलरचा ३ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अ‍ॅम्पपासून एक मीटर लांब सरकणं. तो कुणी जाणवतो म्हणालं तर मला शंका येते. वायरलेस, दुसरा डिजिटल पेडल, डिजिटल मिक्सर असं एकाला एक जोडत गेलात तर मात्र बेरीज जाणवू लागते. कॉम्प्युटरवर प्लगइन वाजवत असाल तर बफरचा (एका वेळी किती आवाज साठवून पुढे जातो त्याचा) आकडा बघा: ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे एका दिशेला सुमारे २.७ मिलिसेकंद. आणि ब्लूटूथ हेडफोनवर गिटार वाजवू नका. त्यातला उशीर इतका असतो की बोट आधी आणि स्वर नंतर असं चालतं.

सावध: मॉडेलर दोन प्रकारे अ‍ॅम्पची नक्कल करतात. एका प्रकारात सर्किटच गणितात उतरवलेलं असतं, त्यामुळे नॉब मूळ अ‍ॅम्पसारखे वागतात. दुसऱ्यात एका खऱ्या अ‍ॅम्पचा, नॉब ठरावीक जागी ठेवून, फोटो काढल्यासारखा ठसा घेतात. याला कॅप्चर किंवा प्रोफाइल म्हणतात. फोटो हुबेहूब असतो, पण त्यातला गेन किंवा ट्रेबल फिरवलात की मूळ अ‍ॅम्पची वाट सुटते. सतत नॉब फिरवत बसणाऱ्याने पहिला प्रकार घ्यावा, एक टोन लावून वाजवत सुटणाऱ्याला दुसरा बरा.

## टप्पा ६: सांभाळायला काय लागेल

इथे चुका महाग पडतात, म्हणून ट्यूब अ‍ॅम्पकडे जास्त वेळ देतो.

स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला बाहेर जायची वाट मिळाली नाही की व्होल्टेज उलटं उसळतं. त्यात ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी उडू शकते किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटू शकतं. हेडफोनवर किंवा इंटरफेसमध्ये वाजवायचं असेल तर मध्ये लोड बॉक्स, म्हणजे स्पीकरच्या जागी अ‍ॅम्पची शक्ती झेलणारी पेटी, हवा. स्पीकर आउट थेट मिक्सरमध्ये गेला तर मिक्सरही जाईल.

सुरू करायचा क्रम असा:

1. स्पीकर केबल दोन्ही टोकांना घट्ट बसल्याची खात्री करा. गिटारची केबल इथे चालत नाही. दिसायला सारखी असली तरी तिच्या आतली तार बारीक असते.
2. अ‍ॅम्पवरचा ओहमचा आकडा आणि कॅबिनेटचा आकडा जुळवा. १६ ओहमची दोन कॅबिनेटं समांतर जोडली की मिळून ८ होतात.
3. व्हॉल्यूम शून्य, मग मुख्य स्विच.
4. स्टँडबाय असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून मग तो चालू करा.
5. वाजवून झाल्यावर बंद करून थंड होऊ द्या, मग गाडीत टाका. गरम ट्यूबला धक्के सोसत नाहीत.

पॉवर ट्यूब झिजतात. रोज जोरात वाजवणाऱ्याला एक-दोन वर्षांत बदलाव्या लागू शकतात, कधीमधी वाजवणाऱ्याला पुष्कळ जास्त काळ जातात. प्रीअ‍ॅम्पच्या छोट्या ट्यूब त्याहून टिकाऊ. छोटी ट्यूब बदलायला बायस, म्हणजे ट्यूबमधून वाहणाऱ्या विजेची मूळ पातळी, जुळवावा लागत नाही. पॉवर ट्यूब बदलताना मात्र फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये तो जुळवून घ्यावाच लागतो, आणि हे काम जाणकाराकडेच द्यायचं. अ‍ॅम्पच्या पोटातले कॅपेसिटर शेकडो व्होल्ट धरून ठेवतात, प्लग काढल्यावरही. "बंद करून उघडतोय" ही सबब त्यांना कळत नाही. पॉवर ट्यूबच्या आतला राखाडी पत्रा लालभडक दिसला तर तत्क्षणी स्विच बंद करा. मधोमध नारिंगी उजेड असणं मात्र नेहमीचंच, तो हीटर आहे, त्याला घाबरायचं कारण नाही.

मॉडेलरला ट्यूब नसतात, पण त्याचीही म्हातारपणं असतात. फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट होतं आणि प्रीसेट किंचित वेगळा वाजतो. कॉम्प्युटर बदलला की प्रीसेट घडवायचा एडिटर प्रोग्रॅम चालेल याची हमी नसते. म्हणून अपडेट कार्यक्रमाच्या आठवड्यात करू नका आणि त्याआधी सगळ्या प्रीसेटची प्रत बाहेर काढून ठेवा. आणि एक मुद्दा दोघांच्या हिशेबात लिहून ठेवा: साध्या, पॉइंट टू पॉइंट (सुटे भाग हाताने जोडलेल्या) बांधणीचा ट्यूब अ‍ॅम्प ३० वर्षांनीही कुणीतरी दुरुस्त करेल. मॉडेलरचा मुख्य बोर्ड गेला तर दुरुस्ती म्हणजे बोर्डच बदलणं, तोही मिळत असेल तोवर.

## टप्पा ७: मधले रस्ते

इथवर येऊनही मन दोन्हीकडे ओढत असेल तर निवड एकच करावी लागते असं नाही. ट्यूब अ‍ॅम्प, लोड बॉक्स आणि आयआर अशी साखळी लावली की पॉवर ट्यूब जोरात चालवून हेडफोनवर ऐकता येतं. रेकॉर्डिंग करणाऱ्या आणि आधीच ट्यूब अ‍ॅम्प असलेल्याला मी हाच मार्ग सुचवतो. ज्याच्या अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प यांच्यामधले सेंड-रिटर्न) आहे त्याला चार केबलची पद्धत: गिटार मॉडेलरच्या इनपुटमध्ये, मॉडेलरचा सेंड अ‍ॅम्पच्या इनपुटमध्ये, अ‍ॅम्पचा सेंड मॉडेलरच्या रिटर्नमध्ये, मॉडेलरचा आउट अ‍ॅम्पच्या रिटर्नमध्ये. अशाने ओव्हरड्राइव्ह अ‍ॅम्पच्या आधी आणि डिले, रिव्हर्ब प्रीअ‍ॅम्पनंतर येतात.

सावध: चार केबलमध्ये गुणगुण आली तर ती बहुधा ग्राउंड लूपची (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेची) असते. आधी दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावरून चालवा, मग एका केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण थांबते हे खरं आहे, पण त्याबरोबर तुमचं संरक्षणही जातं. हात तारांवर आणि ओठ माइकवर असताना तो जुगार खेळू नका.

## टप्पा ८: आणल्यावर पहिला आठवडा

मॉडेलर आणला असेल तर कंपनीचे प्रीसेट चाळत बसू नका. ते एकट्या हेडफोनवर भुरळ पाडायला बनवलेले असतात, चार डिले आणि तीन रिव्हर्बसह. रिकामा प्रीसेट उघडा: एक अ‍ॅम्प, एक कॅब, बास. इनपुटची पातळी जोरात वाजवून बघा, लाल दिवा लागायला नको. गेन हवासा वाटतो त्याहून थोडा कमी ठेवा. मग शक्य तेवढा व्हॉल्यूम वाढवा आणि त्या पातळीवरच बेस-ट्रेबल लावा. सरावाच्या खोलीत प्रीसेट बदलत सुटायचं नाही. तिथे जे बदलावंसं वाटेल ते ग्लोबल इक्यूमध्ये (सगळ्या प्रीसेटना लागू होणाऱ्या बेस-ट्रेबलमध्ये) करा, म्हणजे खोली बदलली की एका ठिकाणी दुरुस्त करून भागतं.

ट्यूब अ‍ॅम्प आणला असेल तर सगळे नॉब मधोमध ठेवून सुरुवात करा, आणि पहिल्या दिवशी अ‍ॅम्प खुर्चीवर किंवा तिरका ठेवून कानाच्या रेषेत आणा. ट्रेबल फार वाटेल, तोच खरा आहे, तो तिथून कमी करा. चालू अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने अगदी हळू टिचकी मारा. स्पीकरमधून बारीक "टुक" आला तर ठीक, घंटेसारखा घणघणाट आला किंवा शिट्टी सुरू झाली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झालीय. वॉरंटी चालू आहे तोवर बदलून घ्या. पॉवर ट्यूबला हात लावू नका, त्या भाजतात. आणि स्पीकर केबल पुन्हा एकदा बघा, विशेषतः कुणी खोली झाडून गेलं असेल तर.